स्ट्रोकनंतर शब्द हरवले आहेत. डोक्याला ते यंत्र लावावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंना दहा महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला. पाय बराच सावरला, उजवा हात अजून मागे आहे. सांगितलेलं बहुतेक कळतं, पण बोलायला गेल्या की शब्द सापडत नाही, दोन-तीन शब्दांवर अडतात आणि मग चिडतात. स्पीच थेरपी सुरुवातीला दोन महिने झाली, पुढे बंद पडली. आता एका केंद्राने डोक्याला बाहेरून चुंबकीय उत्तेजन द्यायची वीस सेशन सुचवली आहेत. ती करावीत का, धोका किती, इतक्या उशिरा उपयोग होईल का, आणि घरी वापरायचं छोटं यंत्र मिळतं ते घेतलं तर चालेल का?

मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर बोलणं बिघडलेल्या माणसांबरोबर अठरा वर्षं काम करते आहे. त्यातली अलीकडची काही वर्षं न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीखाली ही उत्तेजनं दिली जात असताना शेजारी बसून थेरपी घेतली आहे. यंत्र मी चालवत नाही आणि विकतही नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मला प्रेमही नाही आणि रागही नाही.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य यंत्राबद्दलचं नाहीच. 'थेरपी दोन महिने झाली, पुढे बंद पडली' हे ते वाक्य. तुम्ही विचारताय की यंत्राने वाचा येईल का. मी उलट विचारेन की यंत्र लावलं जाईल तेव्हा, किंवा ते काढल्याबरोबर, आई नेमकं काय करत असतील? याचं उत्तर 'खुर्चीत शांत बसतील आणि मग घरी येतील' असं असेल तर माझा सल्ला 'नको' असा आहे. 'रोज तासभर बोलण्याचा सराव करतील' असं असेल तर मात्र विचार करण्यासारखं आहे. असं का, ते सांगते. जरा लांबण लागेल.

आधी एक खात्री करून घ्या. 'वाचा गेली' असं म्हणताना घरचे लोक निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. पहिली, जीभ, ओठ, गाल यांचे स्नायू कमजोर पडून बोलणं बोबडं किंवा घोगरं होतं. शब्द डोक्यात तयार असतो, वाक्य बरोबर असतं, फक्त नीट उमटत नाही. हा डिसार्थ्रिया. दुसरी, स्नायूंत ताकद असते, पण जिभेने कुठून कुठे जायचं याचा आराखडा मेंदूकडून धड येत नाही. माणूस एकच शब्द तीनदा म्हणतो आणि तीनही वेळा वेगळा म्हणतो, तोंड चाचपडत राहतं. ही वाणीची अ‍ॅप्रॅक्सिया. तिसरी, भाषाच बिघडते. शब्द सापडत नाही, 'चावी'च्या जागी 'कुलूप' येतं, 'कंगवा'चा 'गंकवा' होतो, वाक्यातले प्रत्यय गळून पडतात, वाचणं-लिहिणंही अडतं, आणि कधी ऐकलेलंही पूर्ण उलगडत नाही. हा अफेजिया, म्हणजेच वाचाघात. स्ट्रोक आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना सुरुवातीला तो होतो. बऱ्याचदा या तिन्हींची सरमिसळ असते. तुम्ही ज्या उत्तेजनाबद्दल विचारताय त्याचे बोलण्यावरचे बहुतेक अभ्यास अफेजियावर झालेले आहेत, म्हणून हा फरक आधी कळायला हवा. घरी एक ढोबळ कसोटी करता येते. डाव्या हाताने, अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल, त्यांना मनातलं एक वाक्य लिहायला सांगा. वाक्य बरोबर लिहिता आलं आणि फक्त बोलता येत नसेल तर अडचण अफेजियाची असण्याची शक्यता कमी. लिहितानाही तोच शब्द अडत असेल तर अफेजियाच असावा. तुमच्या वर्णनावरून मला तसंच वाटतंय, पण प्रत्यक्ष तपासल्याशिवाय हे नक्की धरू नका.

आणखी एका गोष्टीने घरचे गोंधळतात. एक ते दहा आकडे किंवा वारांची नावं आई सरळ म्हणतील, पण 'आज कोणता वार?' विचारलं की अडतील. मग घरात कुणीतरी म्हणतं, 'येतंय तर, प्रयत्नच करत नाही.' तसं नसतं. पाठ झालेलं बोलणं आणि शोधून काढलेलं बोलणं मेंदू वेगवेगळ्या वाटांनी करतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून मेंदूच्या डाव्या बाजूचा भाषेशी संबंध दाखवला, त्याला कोणत्याही प्रश्नावर 'तान' एवढंच म्हणता यायचं. तोसुद्धा फार संतापला की एक शिवी मात्र हासडायचा! म्हणून एखाद्या सोज्ज्वळ आजींच्या तोंडून स्ट्रोकनंतर पहिला स्पष्ट शब्द अपशब्द निघाला, तर घरच्यांनी लाजू नये असं मी आवर्जून सांगते.

आता यंत्रं. बाहेरून उत्तेजन देण्याच्या दोन पद्धती जास्त वापरल्या जातात, आणि 'मेंदूला करंट' या नावाखाली त्यांची गल्लत होते.

पहिली टीएमएस, म्हणजे चुंबकीय उत्तेजन. अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला ती प्रथम दाखवली. डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरतात, त्यातून क्षणभर जोरदार विद्युतप्रवाह सोडतात. त्याने जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या मेंदूच्या पृष्ठभागात अगदी छोटा विद्युतप्रवाह निर्माण करतं. हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर एक ठोका दिला की विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. तो उडायला किमान किती जोर लागतो हे बघून प्रत्येक माणसाची मात्रा ठरवतात. ठोके संथ, म्हणजे सेकंदाला एक, असे वीसेक मिनिटं दिले तर तो भाग काही काळ मंदावतो. सेकंदाला दहा वगैरे दिले तर बहुधा चेततो. ठोक्यांचे पुंजके करून देण्याची एक नवी रीत आहे, तिच्यात हेच काम चाळीस सेकंदांत किंवा तीन-साडेतीन मिनिटांत उरकतं. तेव्हा सेशन लवकर संपलं म्हणजे फसवलं असं समजू नका.

दुसरी टीडीसीएस. इथे मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून एक ते दोन मिलिअँपिअर इतका क्षीण, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह वीस मिनिटं सोडतात. त्यातला बराचसा कातडीतूनच वाहून जातो, थोडा मेंदूपर्यंत पोचतो. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवलं की एवढ्यानेही मेंदूच्या त्या भागाची उत्तेजित होण्याची तयारी बदलते आणि प्रवाह बंद केल्यावरही तो बदल काही मिनिटं टिकतो. तयारी बदलते एवढंच. टीएमएसच्या ठोक्याने पेशी प्रत्यक्ष पेटतात, टीडीसीएसने त्या पेटत नाहीत, फक्त पेटायला थोड्या सोप्या किंवा थोड्या अवघड होतात. पेटवायचं काम तुम्हालाच करावं लागतं, म्हणजे बोलण्याच्या सरावाला.

म्हणूनच मी सुरुवातीला तो प्रश्न विचारला. भाषेच्या भागाला तुम्ही वीस मिनिटं 'तयार' ठेवलंत आणि त्या वेळात माणूस छताकडे बघत बसला, तर ती तयारी कशासाठी वापरली गेली? टीडीसीएस चालू असतानाच थेरपी घेता येते, स्पंज आड येत नाहीत. टीएमएसचं वेटोळं मोठ्याने टकटक वाजतं, डोकं हलवता येत नाही, त्यामुळे थेरपी लगेच नंतर घेतात. नंतर म्हणजे त्याच खुर्चीत, लगेच. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी नाही.

आता जागेचा प्रश्न. तुमच्या आईंची इजा डावीकडे आहे आणि केंद्राने बहुधा उजवीकडे उत्तेजन सुचवलं असेल. हे ऐकून घरचे हमखास विचारतात, 'बिघाड एकीकडे आणि उपचार दुसरीकडे?' त्यामागचा विचार असा. मेंदूचे दोन अर्धगोल एकमेकांना थोडं दाबून ठेवतात. डावा दुबळा झाला की उजव्यावरचा दाब कमी होतो, उजवा वाजवीपेक्षा जास्त चेततो आणि उलट डाव्यालाच आणखी दाबतो. म्हणून उजव्या बाजूला, ब्रोका यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डावीकडच्या बोलण्याच्या भागाच्या उजवीकडच्या जोडीदारावर, सेकंदाला एक असे संथ ठोके देऊन त्याला शांत करायचं. बॉस्टनमध्ये मार्गारेट नेसर यांच्या गटाने २००५ मध्ये असे दहा दिवसांचे उपचार चार रुग्णांना दिले. त्यांचा स्ट्रोक पाच ते अकरा वर्षं जुना होता. तरी चित्रांची नावं सांगण्यात त्यांची प्रगती झाली. चारच रुग्ण आणि तुलनेला खोटं उत्तेजन (यंत्र लावायचं, पण खरा ठोका द्यायचा नाही) दिलेला गट नाही, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण पुढच्या पुष्कळ कामाची सुरुवात तिथून झाली. २०१३ मध्ये थिएल आणि सहकाऱ्यांनी २४ रुग्णांवर, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, हीच कल्पना खोट्या उत्तेजनाशी तुलना करून तपासली. वीस मिनिटं ठोके आणि लगेच पंचेचाळीस मिनिटं थेरपी असा क्रम होता. खरं उत्तेजन मिळालेल्या गटाची प्रगती जास्त झाली.

मला स्वतःला हा तराजूचा हिशेब जरा जास्तच सोपा वाटतो. डाव्या बाजूची इजा लहान असेल, भाषेचा बराच भाग शाबूत असेल, तर उजव्याला शांत करणं पटतं. पण डावीकडचं जवळजवळ सगळं क्षेत्र गेलं असेल तर जे थोडंफार बोलणं उरलंय ते कदाचित उजवीच सांभाळते आहे. तिलाच शांत करून काय साधणार? म्हणून एमआरआयची चित्रं न बघता, इजा कुठे आणि केवढी आहे हे न तपासता, सगळ्यांना एकच ठरलेली जागा आणि एकच मात्रा देणाऱ्या ठिकाणी मी माझ्या माणसाला पाठवणार नाही. आई डावखुऱ्या आहेत का हेही तिथे सांगा. उजव्या हाताने काम करणाऱ्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांची भाषा डाव्या बाजूला असते, डावखुऱ्यांत ते प्रमाण कमी असतं.

उपयोग होतो का, याचं सरळ उत्तर असं की चित्रांची नावं सांगण्यात थोडा होतो, रोजच्या संभाषणात होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. इथे जरा थांबते, कारण जाहिरातींत नेमका हाच फरक गाळलेला असतो.

टीडीसीएसचा एक मोठा आणि नीट आखलेला अभ्यास २०१८ साली अमेरिकेत युलियस फ्रिद्रिकसॉन यांच्या गटाने प्रसिद्ध केला. ७४ माणसं होती, सगळ्यांचा स्ट्रोक सहा महिन्यांपेक्षा जुना. तीन आठवडे, १५ सेशन, प्रत्येकात पंचेचाळीस मिनिटं संगणकावर चित्र आणि शब्द जुळवण्याचा सराव. त्यातली वीस मिनिटं निम्म्या-अधिक लोकांना खोटा प्रवाह होता, म्हणजे स्पंज तेच, सुरुवातीची चुणचुणही तीच, पण नंतर यंत्र गुपचूप बंद. शेवटी खरा प्रवाह मिळालेल्यांना सरासरी १३.९ शब्द जास्त सांगता आले, खोटा मिळालेल्यांना ८.२. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. फरक आहे, आणि हा मार्ग पुढे तपासण्याजोगा आहे असं संशोधकांनी म्हटलं. पण ८.२ कुठून आले? ते नुसत्या सरावाचे. म्हणजे एकूण फायद्याचा निम्म्याहून मोठा वाटा यंत्राशिवायचा होता. आईंच्या बंद पडलेल्या थेरपीबद्दल मला अस्वस्थ वाटतं ते या आकड्यामुळे.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असलेल्या ५८ रुग्णांना टीडीसीएसने थेरपीपेक्षा वेगळा काहीच फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये कॉक्रेनच्या (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) परीक्षणात २१ चाचण्या आणि ४२१ रुग्ण एकत्र तपासले गेले. नामं सांगण्यात सुधारणा दिसली, क्रियापदांत नाही. आणि प्रत्यक्ष संवादात सुधारणा होते याचा पुरावा सापडला नाही. नाम सुधारलं आणि क्रियापद नाही, ही बाब तुम्हाला किरकोळ वाटेल. पण मराठी वाक्य क्रियापदाशिवाय करून बघा. 'मी... डॉक्टर... उद्या.' जायचंय, की जाणार नाही, की बोलावलंय? 'उद्या' नसतं तर तेवढंही कळलं नसतं.

या बाबतीत मी स्वतः चुकले आहे, ते सांगायला हवं. टीडीसीएससोबत थेरपी सुरू केली त्या पहिल्या काळात माझ्याकडे साठ चित्रांचा एक ठरलेला संच होता. एका गृहस्थांनी तीन आठवड्यांत त्यातल्या आणखी अठरा चित्रांची नावं सांगायला सुरुवात केली. मी तक्ता घेऊन खुशीत त्यांच्या पत्नींना दाखवला. त्या म्हणाल्या, 'घरी काहीच फरक नाही हो.' त्या खोटं बोलत नव्हत्या. मी त्यांना 'कासव' आणि 'जहाज' शिकवलं होतं. घरात कासव नव्हतं. त्यानंतर मी संच टाकून दिला. आता पहिले दोन दिवस घरच्यांशी बोलण्यात जातात: माणूस दिवसभर काय करायचा, कुणाला हाक मारायचा, कशावरून वाद घालायचा. शिवणकाम करणारे एक जण होते. त्यांना 'खिडकी' काही केल्या येईना, पण 'काज', 'अस्तर', 'टीप', 'उसवलं' हे शब्द आठवडाभरात आले. मग त्याच शब्दांची वाक्यं केली, वाक्यांतून भांडण केलं ('अस्तर उलटं लावलं!'), आणि तेव्हा पहिल्यांदा घरून फोन आला की फरक दिसतोय. यंत्र दोघांच्याही डोक्यावर तेच होतं.

थेरपी कुठल्या भाषेत होणार हेही विचारा. संगणकावरचा सराव इंग्रजीत असेल आणि आईंचं आयुष्य मराठीत गेलं असेल, तर त्यातून काय हाती लागणार हे वेगळं सांगायला नको.

धोक्याबद्दल. नीट तपासून, ठरलेल्या मर्यादेत दिलं तर दोन्ही प्रकार बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. टीएमएसनंतर डोकं दुखणं, डोक्याच्या कातडीखालच्या स्नायूंना ओढ लागणं हे नेहमीचं. आवाज मोठा असतो म्हणून कानात बोळे घालायलाच हवेत. टीडीसीएसमध्ये चुणचुण, खाज, लालसरपणा. टीएमएसचा गंभीर धोका म्हणजे फिट येणं. ती फार क्वचित येते, पण स्ट्रोकमुळे मेंदूत जो व्रण राहतो त्याने फिट येण्याची शक्यता मुळातच वाढलेली असते. म्हणून स्ट्रोकनंतर आईंना एकदाही फिट आली असेल, अगदी 'नुसता हात थरथरला' अशी असली तरी, ते लपवू नका. डोक्यात लोखंडी धातूची क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर यांपैकी काही असेल तर आधी सांगा. यांतल्या काहींत टीएमएस साफ वर्ज्य आहे. सूज उतरवण्यासाठी कवटीचा तुकडा काढला असेल तर टीडीसीएसचा प्रवाह त्या भोकातून भलतीकडे एकवटू शकतो, तेही सांगा.

औषधांची यादी बरोबर न्या. काही औषधं फिट येण्याची शक्यता वाढवतात. उलट कार्बामाझेपिन हे फिटवरचं औषध टीडीसीएसचा चेतवणारा परिणाम पुसून टाकतं असं प्रयोगांत दिसलं आहे. आता हे वाचून उत्तेजनासाठी फिटची गोळी बंद करायचा विचार कृपा करून मनातही आणू नका. गोळी महत्त्वाची, यंत्र नाही.

घरी वापरायचं यंत्र मात्र नको. टीडीसीएसचं यंत्र साधं असतं, एका बॅटरीवर चालतं, आणि हीच त्यातली गोम आहे. प्रवाह सोडणं सोपं, कुठे आणि कोणत्या दिशेने सोडायचा हे अवघड. दोन टोकं उलटी लागली तर जो भाग चेतवायचा तोच मंदावू शकतो. स्पंज वाळला की प्रवाह एका ठिपक्यात एकवटतो आणि कातडी भाजते. आणि अफेजिया झालेल्या माणसाला 'भाजतंय, काढा' हे पटकन सांगताच येत नाही. संशोधनात घरी टीडीसीएस दिलं जातं, पण तिथे मात्रा कुलूपबंद असते आणि कुणीतरी कॅमेऱ्यातून बघत असतं. मागवलेल्या डब्यात ते दोन्ही नसतं.

दहा महिने म्हणजे उशीर झाला का? पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, हे खरं. नंतर दार बंद होतं, हे खरं नाही. नेसर यांचे रुग्ण किती वर्षांनी आले ते वर सांगितलंच आहे. पण त्याहून भक्कम आधार यंत्राशिवायचा आहे. जर्मनीत काटरिन ब्राइटेनश्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १५६ रुग्णांवर चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना अफेजिया होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटला होता. आठवड्याला दहा तास किंवा अधिक, असे किमान तीन आठवडे थेरपी दिल्यावर त्यांचा रोजच्या परिस्थितींतला बोलका संवाद सुधारला. थेरपी सुरू व्हायची वाट बघणाऱ्या गटाचा सुधारला नाही. लक्षात घ्या, इथे संवाद सुधारला, नुसती चित्रं नाहीत. आणि डोक्यावर काहीही लावलेलं नव्हतं. आठवड्याला दहा तास म्हणजे किती, हे तुमच्या त्या दोन महिन्यांशी ताडून बघा. बहुतेक घरांत मला आठवड्याला दोन अर्धे तास दिसतात. तेवढ्यावर प्रगती थांबली की आपण 'मेंदू आता एवढंच करू शकतो' असं म्हणून मोकळे होतो.

त्यामुळे तुमच्या जागी मी असते तर क्रम असा लावला असता: आधी थेरपी पुन्हा सुरू, आठवड्यातून चार-पाच दिवस, घरच्या सरावासकट. वेळ आणि पैसा एकाच गोष्टीला पुरत असेल तर ती थेरपी. दोन्हींना पुरत असेल, फिटचा इतिहास नसेल, आणि केंद्र थेरपीला जोडूनच उत्तेजन देणार असेल, तर त्या वीस सेशनना माझी हरकत नाही.

केंद्रात गेल्यावर विचारायचं ते हे. सेशनला जोडून थेरपी कोण देणार आणि किती मिनिटं? 'पेशंटने घरी सराव करावा' हे उत्तर मला पुरत नाही. जागा कशावरून ठरवलीत? इथे एमआरआयचा उल्लेख यायला हवा. अंगठ्यावरून मात्रा मोजणार का? फिट आली तर खोलीत कोण असेल? आणि फायदा झाला हे कशावरून ठरवणार? यावर 'तुम्हालाच जाणवेल' असं म्हणाले तर सावध व्हा. आशा लावून बसलेल्या घराला सगळं जाणवतं. खोटा प्रवाह मिळालेल्या लोकांच्या घरच्यांनाही जाणवतंच.

मोजमाप तुम्ही स्वतःही ठेवा, ते अवघड नाही. सुरू करायच्या आधी तीन वेगवेगळ्या दिवशी तेच काम द्या: घरातल्या तीस वस्तू दाखवून नावं विचारा, आणि 'आज सकाळपासून काय काय झालं?' याचं दोन मिनिटांचं उत्तर फोनवर रेकॉर्ड करा. तीन दिवस अशासाठी की अफेजियात दिवसादिवसाला पुष्कळ चढउतार असतो. झोप, थकवा, मूड यावर पाच-सहा शब्द इकडचे तिकडे सहज होतात. एकाच वाईट दिवसाशी तुलना केलीत तर कुठलाही उपचार यशस्वी ठरेल. तीसपैकी पंधरा वस्तू थेरपिस्टला द्या, पंधरा सरावात येऊ देऊ नका. शेवटी आणि पुन्हा तीन महिन्यांनी तेच सगळं करा. सराव न केलेले पंधरा आणि ती दोन मिनिटं सुधारली असतील तर खरा फायदा. सराव केलेलेच सुधारले असतील तर तोही फायदा आहे, पण मग शब्द काळजीपूर्वक निवडायला हवे होते.

दहा सेशननंतर मधेच एकदा मोजा. आकडा अजिबात हलला नसेल तर उरलेल्या दहांचा आग्रह का धरायचा, हे त्यांना विचारायचा हक्क तुम्हाला आहे. काहींना फायदा होतो आणि काहींना अजिबात होत नाही, हे अभ्यासांत दिसतं. इजेची जागा, आकार, उरलेली भाषा, औषधं, झोप, अगदी जनुकांचा प्रकारसुद्धा त्यात येतो. तुमच्या आई कुठल्या गटात बसतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून मधे मोजायचं.

जाता जाता, त्यांच्या चिडण्याबद्दल. स्ट्रोकनंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि अफेजियात ते ओळखू येत नाही, कारण 'मला उदास वाटतंय' हे वाक्यच येत नाही. रडणं, जेवण कमी होणं, सरावाला नकार असं काही दिसत असेल तर न्यूरोलॉजिस्टना वेगळं सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि तो झाल्यावर थेरपीला येणारा माणूस वेगळाच असतो.

तोवर घरी एवढं करा. बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकच जण. प्रश्न 'काय हवंय?' असा उघडा न ठेवता 'चादर हवी की उशी?' असा, दोन्ही वस्तू दाखवून. शब्द अडला की मनात दहा अंक मोजा आणि मगच मदत करा. मदत म्हणजे पूर्ण शब्द नव्हे, पहिलं अक्षर. आणि चुकून 'चावी'ला 'कुलूप' म्हणाल्या तर चावी हातात द्या, 'हो, चावी' एवढंच म्हणा, दुरुस्ती करत बसू नका. फिटचा काही इतिहास आहे का आणि औषधं कोणती चालू आहेत, हे कळवलंत तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.